हाडं जुळली म्हणजे प्रोस्टेट जुळलं असं नाही

प्रोस्टेट कॅन्सरचा रुग्ण रेडिएशनसाठी येतो, तेव्हा बऱ्याचदा त्याचे तीन स्कॅन माझ्यासमोर असतात: सीटी, एमआरआय आणि पीएसएमए पेट (शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटतं आणि त्या जागा चमकतात, असा स्कॅन). मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. हे स्कॅन संगणकावर एकमेकांवर बसवणं, म्हणजे फ्यूजन, हे माझं रोजचं काम. नातेवाईक हमखास विचारतात, "तीन-तीन स्कॅन कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे.

सीटीशिवाय डोसचा हिशेब मांडता येत नाही. किरण शरीरात कुठे किती शोषले जातील, हे त्यातल्या घनतेवरून काढतात. पण सीटीत प्रोस्टेट दिसतं ते करड्यात करडं. त्याचं खालचं टोक कुठे संपलं आणि स्नायू कुठे सुरू झाले, हे नीट कळत नाही. म्हणून सीटीवर आखलेलं प्रोस्टेट एमआरआयवरच्यापेक्षा मोठं भरतं, काही अभ्यासांत तर ३० टक्क्यांच्या आसपास. हा जादा भाग निरोगी असतो आणि त्यालाही पूर्ण डोस बसतो. एमआरआयत ग्रंथीची कड स्पष्ट दिसते, आतली गाठही बहुतेकदा काळपट उठून दिसते. पेट स्कॅन, सीटीत नेहमीच्याच आकाराच्या वाटणाऱ्या लसीकाग्रंथीत कॅन्सर लपला असेल तर तो बऱ्याचदा दाखवतो. मात्र पेटसाठी दिलेलं औषध लघवीतूनही बाहेर पडत असल्यामुळे शेजारचं मूत्राशयही लखलखतं, ते ध्यानात ठेवावं लागतं.

खरी कसोटी फ्यूजनची. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते कमरेची हाडं जुळवतं आणि पडद्यावर सगळं कसं छान दिसतं. पण एमआरआयच्या वेळी गुदाशयात गॅस होता आणि सीटीच्या वेळी नव्हता, एवढ्यानंही प्रोस्टेट काही मिलिमीटर सरकतं. हाडं जागच्या जागी, प्रोस्टेट भलतीकडे!

म्हणून मी सोन्याच्या बारीक कणांवर भरवसा ठेवते. नियोजनाआधी असे साधारण तीन कण प्रोस्टेटमध्ये बसवतात. सीटीत ते झगझगीत दिसतात, भोवती चांदणीसारखे फराटे उठतात. एमआरआयत त्यांच्या जागी काळे ठिपके उरतात. कॅल्शियमचे खडेही एमआरआयत काळेच दिसतात, त्यामुळे प्रत्येक ठिपका सीटीशी पडताळायचा. कणावर कण बसला की मग कडा सरकवून बघायच्या, गुदाशयाच्या बाजूची आधी.

एवढा आटापिटा का, ते फ्लेम नावाच्या, रुग्णांचे दोन गट करून केलेल्या चाचणीवरून कळेल. २०२१ मध्ये तिचे निकाल आले. ५७१ पुरुषांच्या अख्ख्या प्रोस्टेटला ३५ बैठकांत ७७ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) दिले, निम्म्यांना एमआरआयत दिसणाऱ्या गाठीला त्याच बैठकांत ९५ ग्रेपर्यंत. पाच वर्षांनी पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, ते वाढणं म्हणजे आजार परतल्याची खूण) पुन्हा न वाढता आजारमुक्त राहिलेले गाठीला जादा डोस मिळालेल्या गटात ९२ टक्के, दुसऱ्या गटात ८५. दुष्परिणामांत लक्षणीय वाढ दिसली नाही, कारण गुदाशय-मूत्राशयाच्या मर्यादा आधी पाळल्या, गाठीचा डोस नंतर. पण ९५ ग्रेची ती कड तीन मिलिमीटर मागे सरकली, तर जादा डोस गुदाशयाच्या भिंतीला बसू शकतो.

त्यामुळे एमआरआय काढणाऱ्यांना माझी दरवेळी विनंती असते: शक्य तर सीटीच्याच दिवशी काढा, सपाट टेबलावर, सीटीच्या वेळेइतकंच मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं असताना. आणि सोन्याचे कण दिसतील असा तो काही मिनिटांचा जादा सिक्वेन्स कृपया वगळू नका.