माकलीच्या मागं कोण पळतंय

कोल्हापुरात मासे म्हटलं की सुरमई, पापलेट, बांगडा, फार तर कोळंबी, आणि तेही घरात मटण नसेल त्या दिवशी. माकलीचा, म्हणजे स्क्विडचा ट्रे मासळीवाल्याकडं कोपऱ्यात पडलेला असतो, लोक बघतात, "गिळगिळीत काय हे" म्हणतात आणि पुढं जातात. आमची आत्या मालवणात दिलेली, त्यामुळं गगनबावड्याचा घाट उतरून खाली गेलं की ताटात म्हाकूल, म्हणजे हीच माकली, ठरलेलीच, म्हणून आम्हाला तिचं कौतुक.

तर परवा मामांना, म्हणजे आत्याच्या मिस्टरांना विचारलं, ही एवढी चपळ, पाण्याची पिचकारी मारून मागच्या मागं सुसाट पळणारी, धरता कशी? त्यांचं म्हणणं, तिच्या मागं पळायचंच नाही, तिला आपल्याकडं यायला लावायचं. मग मी दोन रात्री मोबाईलवर हेच वाचत बसलो आणि खरंच की, जगभर हाच प्रकार चाललाय.

जपानकडच्या बोटी रात्री एवढे दिवे लावतात की ते अंतराळातनं घेतलेल्या फोटोत दिसतात. दिव्याखाली बारीक मासे गोळा होतात, त्यांना खायला माकली येते, पण ती थेट उजेडात येत नाही, बोटीची सावली पडते ना, तिथं अंधारात दबा धरून बसते आणि तिथनं झडप घालते. तिथंच दोरीला जिग सोडलेला असतो, माशासारखा दिसणारा प्लॅस्टिकचा तुकडा, खाली सुयांचा मुकुट, त्या सुयांना उलटा काटासुद्धा नसतो, लांब सोंडा टाकून तिनं धरला की अडकली. गंमत म्हणजे हे जिग गुलाबी, हिरवे, नारिंगी असल्या शंभर रंगांत मिळतात, आणि बहुतेक माकल्यांना रंग कळतच नाहीत. आता रंग कुणासाठी ते तुम्हीच ओळखा.

आपल्याकडं मात्र बाजारात येणारी बहुतेक माकली ट्रॉलरच्या जाळ्यातनं येते, बाकीच्या मासळीबरोबर खरवडून. त्यात मामा म्हणतात तसं डोकं काही लावावं लागत नाही. जिगवर धरलेलीची कातडी फाटत नाही म्हणून तिला भाव जास्त, पण कोल्हापुरात येईपर्यंत बर्फात सगळ्या सारख्याच.

दिव्यांवरनं तर कोकणात कायम भांडणं. मोठ्या बोटी जनरेटर घेऊन एलईडी लावतात, खालचं सगळं वर येतं, लहान-मोठं सगळं जाळ्यात, आणि पारंपरिक मच्छीमार रिकाम्या हातानं परत. केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी "बंदी आहे" आणि "बंद आहे" यात किती फरक असतो ते आम्हा घाटावरच्यांना काय सांगायचं.

पण मला सगळ्यात खटकलं ते कर्नाटक किनाऱ्यावरचं. समुद्रफेन माहितीये ना, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात ती पांढरी हलकी वडी? ती ज्या जनावराच्या अंगातली, ती माकलीची जाडजूड बहीण. तिला अंडी चिकटवायला काहीतरी आधार लागतो. तर लोक नारळाच्या झावळ्या बांधून वजन लावून समुद्रात सोडतात, ती अंडी घालायला येते आणि तिथंच गळाला लागते, कित्येकदा अंडी घालायच्या आधीच. डोकं भारी लावलंय, नाही म्हणत नाही. पण यांचं आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं, अंडी घालायची ती बहुतेकदा एकाच हंगामात, तीच वेळ साधून धरली तर पुढच्या वर्षी झावळीला येणार कोण?

ऑक्टोपसचं पण तेच. त्याला बिळात घुसायची सवय, म्हणून जपानमध्ये मातीची मडकी दोरीला बांधून तळाशी सोडतात. आमिष नाही, काटा नाही, जागा रिकामी दिसली की साहेब आत जाऊन बसतात, मडकं वर ओढलं तरी बाहेर उडी मारायचं सुचत नाही. आणि हे जनावर काय साधं नाही भावा, तीन हृदयं, तांब्यामुळं निळं रक्त, 50 कोटीच्या आसपास मज्जापेशी आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हातांमध्ये. बरणीचं झाकण फिरवून उघडतं. ब्रिटननं 2022 च्या कायद्यात ऑक्टोपस, माकली यांना वेदना जाणवतात असं धरून त्यांचा समावेश केलाय.

आता स्पेनमधल्या एका कंपनीला ऑक्टोपसची शेती करायचीये, अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2024 मध्ये असल्या शेतीवर बंदीच घातली. मी काय शाकाहारी नाही, तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस, पण हे पटत नाही. ऑक्टोपस एकटा राहणारा, दाटीत एकमेकांना खाणारा, वर मांसाहारी, म्हणजे त्याला घालायला परत समुद्रातनंच मासे काढायचे. मग शेती कसली ती? त्यापेक्षा मामांसारखं रात्रभर दोरी धरून बसा, मिळाली तर मिळाली.

आणि हो, माकली घरी आणलीच तर मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता, नाहीतर सरळ पाऊण तास शिजू द्या. मधल्या मध्ये गॅस बंद केलात तर सायकलची ट्यूब चावत बसाल आणि शिव्या मला घालाल.