टॉवर बघायला सिंहगडावर

सिंहगडावर कुणी तानाजीच्या समाधीसाठी जातं, कुणी पिठलं-भाकरीसाठी. यवतच्या मामांना मात्र दूरदर्शनचा टॉवर बघायचा होता. वय सत्त्याहत्तर, त्यामुळे आतकरवाडीची वाट रद्द आणि गाडी थेट वर.

राजगड-तोरण्यावरून सिंहगड ओळखायची सोपी खूण म्हणजे ज्याच्या डोक्यावर टॉवर, तो सिंहगड. आम्ही त्याच्या पायाशी उभे होतो आणि तो गायब! श्रावणातलं धुकं. लोखंडी सांगाड्याचा खालचा थोडा भाग दिसायचा, वर सगळं पांढरं. मामा तरी मान वर करून उभे.

1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे तेच कार्यक्रम इथून पुण्याला दिसू लागले. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून टॉवर गडावर, पुण्याहून सात-साडेसातशे मीटर उंच. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जातात, त्यांना गड लागत नाही. पुणे आकाशवाणीचा खांब हडपसरच्या सपाटीवर चालतो तो त्यामुळेच.

मामांकडे रेडिओ खणखणीत, टीव्हीला कायम मुंग्या. 1983 साली घेतलेला ब्लॅक अँड व्हाइट संच. आधी बूस्टर बसवला, मग पाइपला पाइप जोडत अँटेना पार चिंचेच्या वर नेली. एका वळवाच्या पावसात ती आडवी झाली आणि शेजारच्यांची चार कौलं गेली. मामी ते अजून काढते.

भाकरी खायला बसलो. मडक्यातलं दही निम्मं झालं असेल, तेवढ्यात वारा सुटला. धुकं फाटलं, आणि लाल-पांढरा टॉवर टोकापर्यंत मोकळा झाला. मामा दह्याचा चमचा हातात धरूनच उठले. टॉवरकडे एकदा बघितलं, मग पाठ फिरवून पूर्वेकडे.

"यवत कुठं आलं?"

मी हात केला. एकामागे एक धूसर रांगा. भुलेश्वर त्यातलाच एखादा.

"म्हंजे भुलेश्वराचा डोंगर मधीच!"

"हो ना मामा."

"आन् मी पाइप वाढवत बसलो व्हय?" खाली बसून त्यांनी दही संपवलं. "तुझ्या मामीला सांगू नको."