बोकडाची मुंडी उकळू नका

कवटी घरी कशी साफ करायची असं कुणी विचारलं, की मी आधी एवढंच सांगते: उकळू नका. कारण ज्याला विचाराल तो सांगतो, मोठं पातेलं घ्या, सोडा टाका आणि रटारटा शिजवा. शिजवल्यावर मांस लवकर सुटतं हे खरं. पण त्याच उष्णतेनं चरबी वितळून हाडात मुरते, नाकाची पातळ हाडं वाकतात, दातांना तडे जातात. पुढं ती कवटी पिवळी पडते आणि जवळ गेलं की खवट वास येतो.

माझ्याकडची कवटी उस्मानाबादी बोकडाची आहे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात माझ्या मामांच्या शेळ्या आहेत, त्यांचा हा बिजाचा बोकड. काळाकुळकुळीत, शिंगं मागं वळलेली. वय झालं, जत्रेला कापायचं ठरलं, तेव्हा मी मामांना म्हटलं, "मुंडी मला द्या. पण न भाजता, न फोडता." आमच्याकडं मुंडी-पायाचा रस्सा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मामी लगेच म्हणाल्या, "अगं, मग भेजा कुणी खायचा?" शेवटी जीभ आणि गालाचं मांस काढून मामींना दिलं आणि बाकीचं मला मिळालं. खाटकाला मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर सवयीनं सत्तूर बसतोच आणि कपाळाचे दोन तुकडे होतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. कापलेल्या, निरोगी जनावराचीच मुंडी घ्या. अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळपट रक्त आलेलं जनावर दिसलं तर हात लावू नका, कापू तर अजिबात नका. तो फाशी रोग असू शकतो. त्याच्या जंतूंची बीजं मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि तो माणसालाही होतो. थेट पशुवैद्यकाला बोलवा. आणि निरोगी जनावर असलं तरी हातमोजे घालाच.

खरं काम पाणी करतं. कातडं, डोळे आणि निघेल तेवढं मांस काढायचं आणि मुंडी झाकणाच्या बादलीत बुडवून परसात ठेवायची. पहिलं रक्ताळलेलं पाणी ओतून द्यायचं. त्यानंतर मात्र सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, थोडं जुनं ठेवायचं, कारण मांस कुजवून सोडवणारे जीवाणू त्यातच असतात. मीठ, साबण, डेटॉल काही घालायचं नाही. आमच्या विटा गावचा चैत्र-वैशाख यासाठी उत्तम, कोमट पाण्यात जीवाणू जोमानं वाढतात. थंडीत तीच बादली नुसती बसून राहते. वास येतो, भयंकर येतो. शेजारच्या काकूंना मी आधीच जाऊन सांगितलं होतं आणि बादली त्यांच्या खिडकीपासून लांब, शेवग्याखाली ठेवली होती. पाणी ओतताना खाली जुनी चाळणी धरायची, कारण दात सुटून तळाशी जातात. एवढासा पुढचा दात चिखलात गेला की गेला.

याच पाण्यात शिंगाची खोळ सैल होते. हलक्या हातानं पिळली की अख्खी निघून हातात येते आणि आत हाडाचा खुंट दिसतो, मुळाशी पोकळ, वरून खडबडीत. बोकडाचं शिंग म्हणजे आत हाड आणि वर नखासारख्या पदार्थाचं आवरण, हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. पण खोळ हातात घेतल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात, ते फळ्यावरच्या आकृतीला कधी विचारत नाहीत. खोळ आतून खरवडून सावलीत वाळवायची आणि शेवटी परत बसवायची.

सगळ्यात जास्त चिकाटी चरबी काढायला लागते. भांडी घासायचं लिक्विड घातलेल्या कोमट पाण्यात कवटी ठेवायची, वर तवंग आला की पाणी बदलायचं, तवंग येणं थांबेपर्यंत. शिंगांच्या बुडाशी आणि जबड्याच्या सांध्याशी चरबी चिवट असते. त्यानंतरच पांढरं करायचं, तेही हायड्रोजन पेरॉक्साइडनं. मेडिकलमध्ये जखमा धुवायला जे मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं, ते साधारण ६ टक्क्यांचं असतं आणि तेवढं पुरतं. डबा घट्ट बंद करायचा नाही, त्यातून वायू सुटतो. खोळी त्यात बुडवायच्या नाहीत, रंग उडतो. ब्लीचिंग पावडर मात्र कधीच नको. ती हाडच खाते आणि पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो.

वाळलेली कवटी मामांना दाखवली तेव्हा त्यांनी आधी दातच पाहिले. आमच्या भागात शर्यतीच्या खोंडांचं वय दातांवरून ओळखतात, दुधाचे दात असलेला आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, सगळे आलेला जुळलेला, त्यामुळं हात आपसूक जबड्याकडंच जातो. वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच, खालच्यात आठ असतात. दाढा धरून एकूण ३२. मामांनी अंगठा फिरवत डावीकडच्या जास्त झिजलेल्या दाढा दाखवल्या. "हा डावीकडूनच रवंथ करायचा बघ." एवढी वर्षं जीवशास्त्र शिकवून मला हे दिसलं नव्हतं, आणि त्यांना हातात घेताक्षणी दिसलं.

एका माजी विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, चांदोलीच्या जंगलातून सांबराचं गळलेलं शिंग आणू का?" मी नको म्हणून सांगितलं. सांबराचं शिंग निखळ हाड असतं, ते गळतं आणि नव्यानं फुटतं, बोकडासारखी खोळ त्याला नसते. शिकवायला फार सुंदर वस्तू. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते आपोआप गळलेलं असलं तरी सरकारची मालमत्ता आहे, घरी आणता येत नाही. आणि मला तो कायदा मनापासून पटतो. गळलेल्या शिंगाला भाव आला, की न गळलेल्या शिंगाच्या मागंही माणसं लागतात. सांबर, चितळ, काळवीट बघायचे असतील तर सागरेश्वर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे.

कवटी टांगायला आमच्या गल्लीतल्या सुतारांनी बाभळीची फळी तासून दिली. कवटीला स्क्रू मारायचा नाही. मागं पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मेंदूकडं जातो ते भोक असतं, त्यात बसेल अशी लाकडी खुंटी फळीला तिरकी, वरच्या अंगाला ठोकायची आणि कवटी नुसती अडकवायची. सुटलेले दात फेविकॉलनं ज्याच्या त्याच्या खोबणीत बसवले. वार्निश लावलं नाही, त्यानं हाड पिवळट दिसतं. खालचा जबडा फळीवर नाही. तो प्रयोगशाळेच्या कपाटात कापसात ठेवलाय, मुलांना हातात घेऊन दात मोजता यावेत म्हणून.