सहा व्होल्टचं दार

मुलगा दिवाळीला बंगळूरहून आला आणि जाताना दाराला स्मार्ट लॉक बसवून गेला. त्याच्या मते आम्ही दोघं किल्ल्या विसरण्याच्या वयात आलोय. बोटाचा ठसा, आकडे, कार्ड, मोबाइल, कशानेही उघडतं. कामाच्या ताईंना त्यांचा वेगळा नंबर. हिला आधी पटलं नव्हतं. पण दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना पर्समध्ये किल्ली चाचपडत बसावं लागत नाही म्हटल्यावर तीही लॉकच्या बाजूने झाली. वस्तू वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लॉकबरोबर साध्या किल्ल्याही येतात. त्यांचं भोक एका झाकणामागे लपवलेलं असतं, लक्षातही येत नाही. आमची एक किल्ली मुलाच्या बॅगेतून बंगळूरला गेली आणि दुसरी खोक्यासकट लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या वर. दोन्ही अगदी सुरक्षित.

आषाढातली गोष्ट. सिन्नरला एक बारसं आटोपून रात्री दहाच्या सुमारास नाशिकला, इंदिरानगरच्या घरी पोचलो. हातात पेढ्यांचा बॉक्स, अंगावर अर्धवट वाळलेला पाऊस. बोट ठेवलं. आकडे उजळले, आत मोटरने घुं केलं आणि सगळं विझलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आकडेही उजळेनात.

माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली. वादळात आडवे झालेले पोल उभे करून मध्यरात्री फीडर चालू करून दिलेत. तो माणूस सहा व्होल्टसाठी स्वतःच्या दाराबाहेर उभा, म्हटल्यावर खालून-वरून जमलेल्या मंडळींना टोमणे सुचले नसते तरच नवल. निम्म्यांचं म्हणणं, लॉक ‘हँग’ झालंय. हँग वगैरे काही नसतं. आत चार पेन्सिल सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी १.५ व्होल्ट, म्हणून सहा. आकडे उजळायला आणि ठसा वाचायला करंट नगण्य लागतो. मोटर फिरवून बोल्ट मागे ओढायचा तर एकदम दणकून लागतो. सेल थकले की त्यांचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो. मोटरने करंट मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि लॉकचा मेंदूच बंद पडतो. गावाकडे शेजारच्या मळ्यातला पंप सुरू झाला की घरातला बल्ब मिणमिणतो, तसंच.

समोरच्या वहिनी घड्याळातला आणि मुलाच्या खेळण्यातले सेल काढून धावत आल्या. माणसं चांगली आहेत हो आमच्या बिल्डिंगमधली. पण सेलचा कप्पा दाराच्या आतल्या अंगाला. म्हणजे सेल बदलायचे तर दार उघडायला हवं आणि दार उघडायचं तर सेल बदलायला हवेत. कप्पा आत ठेवण्यामागचं कारण कळतं, बाहेर असता तर कुणीही सेल काढून नेले असते. वहिनींना मात्र ते पटेना. सेल मुठीत घेऊन त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

मुलाला फोन लावला.

“बाबा, थांबा, मी इथून उघडतो.”

“अरे, त्याला करंटच नाही, तुझा हुकूम ऐकणार कोण?”

मग खाटखुट टायपिंगचा आवाज आणि जरा खालच्या पट्टीत, “‘बॅटरी लो’ असा मेसेज येऊन गेलाय वाटतं. बाकीच्या नोटिफिकेशनमध्ये दबला.” दार नाशिकचं, सूचना बंगळूरला. लॉक वाय-फायवर घेतल्याचा हा फायदा. आणि सतत वाय-फाय धरून ठेवायचं म्हणून सेलही लवकर संपतात, तो दुसरा. नुसत्या ब्लूटूथवर असतं तर जास्त टिकले असते.

ही तोवर कंपनीच्या ग्राहक सेवेशी झुंजत होती. हे दाबा, ते दाबा करून शेवटी तक्रार नोंदवली गेली आणि माणूस दोन दिवसांत येईल असं कळलं. कुणीतरी किल्लीवाल्याचा नंबर दिला. तो फोनवरच म्हणाला, “स्मार्टवालं आहे ना? ड्रिल मारावं लागेल. लॉक जाणार तुमचं.” सरळ बोलला, आवडला मला.

एवढ्यात मुलाला माहितीपुस्तिका सापडली. लॉकच्या खालच्या कडेला बघा म्हणाला. टॉर्च मारला. रबराची एक छोटी टोपी, धुळीने भिंतीच्या रंगाची झालेली. नखाने उचकटली तर आत दोन पितळी ठिपके. तिथे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची म्हणजे लॉक बाहेरून जागं होतं. हल्लीच्या काही लॉकना तिथे टाइप-सी असतं, पॉवर बँक लावली की काम होतं. आमच्या नशिबी ठिपके.

चौकोनी बॅटरी माझ्या मल्टिमीटरमध्ये आहे. मल्टिमीटर कपाटात, किल्लीच्या शेजारी. कोपऱ्यावरचं मेडिकल उघडं होतं, त्याच्याकडे बीपीच्या मशीनचे सेल होते, चौकोनी नव्हती. शेवटी तळमजल्यावरच्या काकांना आठवलं. त्यांचं भजनी मंडळ आहे आणि कॉर्डलेस माइक जुने, चौकोनी बॅटरीवर चालणारे.

“न्या, पण सकाळी परत. उद्या हरिपाठ आहे.”

बॅटरी टेकवली. पीं. आकडे उजळले, टाळ्या पडल्या. बोट ठेवलं, घुं, आणि पुन्हा अंधार. बॅटरी उलटी करून बघितली तर त्यावर ६एफ२२. म्हणजे साधी झिंक-कार्बन. माइकला पुरते, मोटरला नाही. काकांनी जराशा नाखुशीनेच दुसऱ्या माइकमधली काढून दिली, ती ६एलआर६१. तो मधला ‘एल’ म्हणजे अल्कलाइन, करंट देण्यात दमदार. ही टेकवलेली बॅटरी आतल्या सेलना चार्ज वगैरे करत नाही. टेकलेली आहे तोवरच लॉकमध्ये जीव, हात हलला की पहिल्यापासून. मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी दाबून धरली. हिने बोट ठेवलं, ते पावसाने आकसलेलं, ठसा लागेना. मग आकडे दाबले. सगळ्या जिन्याने ऐकला आमचा नंबर. खट्‌ झालं.

आत गेल्यावर पहिल्यांदा कप्पा उघडला. चारही सेलवर आर६. एलआर६ नव्हे, म्हणजे हेही साधेच. चैत्रात मी बाहेरगावी असताना ते बदलले गेले होते. हिने दुकानात “सेल द्या” म्हटलं आणि त्याने सगळे जे नेतात ते दिले. त्याचं काही चुकलं नाही, घड्याळाला तेच लागतात. त्यातला एक मी मुद्दाम स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातलाय, मजेत चाललंय. घड्याळाला लागतोच किती करंट! रिचार्जेबल सेलचंही सांगून ठेवतो, ते साधारण १.२ व्होल्टचेच असतात, त्यामुळे बऱ्याच लॉकना ते पहिल्या दिवसापासून उतरलेले वाटतात. एमजी रोडवरून एलआर६ आणले, तारीख लिहून पट्टी कप्प्याच्या झाकणाच्या आतून चिकटवली.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, “दार उघडताना हल्ली वेगळंच वाजायचं. मला वाटलं, तुम्ही नवीन गाणं लावलंय.”

माझं भांडण आहे ते इथे. सेल उतरल्याची सूचना हे लॉक दार उघडताना देतं. त्या क्षणी माणसाचं काम झालेलं असतं, एक पाय आत असतो, हातात पिशव्या असतात. त्याला काय पडलीय दार कोणत्या सुरात वाजलं याची? आत बसलेल्या माणसाला दिवसाढवळ्या कळेल असा एक लाल दिवा कप्प्यावर दिला असता तर काय बिघडलं असतं? ऑफिसात दाराला लोहचुंबकवालं लॉक असतं, त्याचा करंट गेला की दार आपोआप सुटतं, कारण धरून ठेवायलाच करंट लागतो. घरच्या लॉकला फक्त हलायला लागतो, म्हणून ते चार सेलांवर महिनोन्‌महिने चालतं आणि म्हणूनच सेल संपले की आहे तसं बंद राहतं. ते योग्यच आहे, नाहीतर चोराने सेल संपायची वाट बघितली असती. आतून तर मूठ फिरवली की केव्हाही उघडतं, त्याला सेल लागत नाहीत. तेव्हा आत कोणी अडकेल ही भीती नको.

चौकोनी बॅटरी कुठे ठेवायची यावर मात्र घरात अजून एकमत नाही. मी म्हणतो, बाहेर चपलांच्या कपाटात. ही म्हणते, म्हणजे चोराची सोय. नुसत्या बॅटरीने दार उघडत नाही, नंबर लागतोच, हे सांगून झालं. त्यावर तिचं म्हणणं, नंबर तर आता सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे. मग नंबर बदलला. बॅटरी तूर्तास स्कूटरच्या डिकीत आहे, आणि कपाटातली किल्ली खाली काकांकडे. काकांनीही दोन्ही माइकना यापुढे अल्कलाइनच लागेल असं जाहीर केलंय. आणायची मी.