आजींची पिशवी

नवतपा सुरू होता, पारा ४५ च्या वर. नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात कूलर चालू असूनही बाकांवरची माणसं फाइलनं वारा घेत होती. मी इथे सिस्टर आहे. डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्या टेबलाशी येतो. वजन, बीपी, तक्रार, चालू औषधं मी लिहून आत पाठवते.

भिवापूरहून पहाटेच्या एसटीनं एक सून सासूला घेऊन आली होती. "मायले ऊन लागलं जी. चार दिवसांपासून सकायी हातपाय कापून राह्यले. आज तं बसमध्ये मले वळखलंच नाही."

"गोळ्या चालू आहेत का?" मी नेहमीप्रमाणे विचारलं.

"हाव. बीपीची अन् शुगरची."

मी तसं लिहून घेतलं. दिवसातून पन्नासदा लिहिते तसंच.

बीपीचा पट्टा बांधायला आजींचा हात धरला, तर त्या उकाड्यात तो थंडगार आणि घामानं चिंब. बोट टोचून पाहिलं. शुगर ५२. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावतो. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ८१ झाली, आणि आजींनी सुनेला विचारलं, "पोट्टे जेवले का वं?"

डॉक्टर बाहेरच आले. म्हणाले, "आधी गोळ्या दाखवा."

सुनेच्या पिशवीत तळाशी, डब्याखाली, बीपीच्या गोळीशिवाय आणखी दोन स्ट्रिप होत्या. एक गुलाबी गोळ्यांची, गावच्या डॉक्टरांची. दुसरी पांढरी, महिन्याभरापूर्वी नागपुरातच दुसऱ्या एका डॉक्टरांनी लिहिलेली. तिच्यावरचं ठळक नाव दुकानदारानं कापताना अर्धं गेलेलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून खालची बारीक अक्षरं वाचली. दोन्हींवर ग्लिमेपिराइड, शुगर उतरवणारं औषध. नाव वेगळं, रंग वेगळा, औषध एकच, आणि आजी दोन्ही घेत होत्या. त्यात उन्हानं जेवण अर्ध्या भाकरीवर आलेलं.

या गोळीचा असर जवळजवळ दिवसभर राहतो, साखर पाजून वर आलेली शुगर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घेतलं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणीही केली, कारण किडनी मंद असली तर हे औषध अंगात साचतं.

संध्याकाळी मी आजींना हळूच विचारलं, दुसऱ्या डॉक्टरांचं का नाही सांगितलं? "गावच्या डॉक्टरले समजलं तं रागावतीन ना बाई. इतक्या वर्षांचे हायेत ते."

त्या अडाणीपणानं गप्प नव्हत्या, भीड राखत होत्या. आणि माझ्या प्रश्नाला 'हाव' सोडून दुसरं उत्तर तरी काय होतं? ती चूक माझी होती, असं मी आजही मानते.

आता मी म्हणते, पिशवी टेबलावर रिकामी करा. दुकानातून आणलेली पाठदुखीची गोळी, चूर्ण, डोळ्यातले थेंब, सगळं. नावाची बाजू कापू देऊ नका, असं बजावते. निघताना कोणती गोळी कधी घेणार, ते त्यांच्याच तोंडून वदवून घेते. त्रासही आधी कागदावर लिहून आणायला सांगते, कारण दारापर्यंत जाऊन "एक सांगाचं राह्यलं" म्हणत वळणारे खूप पाहिलेत. आणि ते राहिलेलं कधी कधी छातीतलं दुखणं असतं.

पंधरा दिवसांनी आजी परत आल्या. कापडी पिशवीत रिकाम्या स्ट्रिपसुद्धा जपून आणलेल्या. सोबत वहीचं पान, नातीच्या अक्षरात तीन ओळी. तिसऱ्या ओळीवर आजींनी बोट ठेवलं होतं, ते उचलेनात. शेवटी कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हे तुमीच सांगजा डॉक्टरले. मले लाज वाटते."

लिहिलं होतं: खोकला आला की लुगड्यात लघवी होते.

मी आत जाऊन सर्वात आधी तेच वाचून दाखवलं.