टचपॅड बदलायला आलेला लॅपटॉप

मे महिन्यातली दुपार, पुण्यातली तपकीर गल्ली, माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. सदाशिव पेठेतले एक निवृत्त काका उन्हातून चालत आले, कापडी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि थेट विचारलं, "टचपॅडचा क्लिक बसत नाही. बदलायचे किती घेता?"

क्लिक बसत नाही म्हटलं की आमच्या धंद्यात आधी टचपॅडकडे बघत नाहीत. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तळहात टेकतो त्या भागाखाली बॅटरी असते आणि टचपॅड तिच्या डोक्यावर. क्लिक व्हायला त्याला जेमतेम मिलिमीटरभर खाली जावं लागतं. बॅटरी फुगली की तेवढीही जागा राहत नाही. मी लॅपटॉप काउंटरच्या काचेवर ठेवून कोपऱ्याला बोट लावलं, तर तो भोवऱ्यासारखा गर्रकन फिरला. खालचं झाकण सपाट असतं तर चार रबरी पायांवर जागचा हलला नसता.

"काका, बॅटरी फुगलीय."

"शक्यच नाही." पिशवीतून आता एक जुनी बँकेची डायरी निघाली. चार रकाने आखलेले: तारीख, लावला, काढला, बंद पडला. पहिल्याच पानावर लाल शाईत 'नवीन, सलग ८ तास चार्जिंग'. पुढे रोज सकाळी ७ ला चार्जर लावलेला, १०० टक्के झाल्यावर लगेच काढलेला, आणि संध्याकाळी लॅपटॉप स्वतःहून बंद पडेपर्यंत वापरलेला. दोन वर्षं आणि एक महिना. एक दिवस चुकलेला नाही.

हे सगळे नियम खरे होते, पण निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी. अर्धवट रिकामी करून पुन्हा पुन्हा भरली की त्या बॅटरीला तीच सवय लागायची, म्हणून ती पूर्ण उतरवायची. पहिलं चार्जिंगही लांब करायचं. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. तिला व्यवहारात अशी सवय लागत नाही. उलट शून्याला नेलं की ती जास्त झिजते.

लॅपटॉपमध्ये थोडं चार्जिंग शिल्लक होतं. अडॅप्टर न लावता चालू केला, कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट कमांड दिली, ती बॅटरीची तब्येत सांगते. मूळ क्षमता ४१,०४० मिलिवॉट-तास, आता पूर्ण भरल्यावर २४,१००. सायकल, म्हणजे एक अख्खी बॅटरीभर वापर, ७०२. लॅपटॉपच्या बऱ्याच बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास येतात. ५० टक्के वापरून परत भरली तर अर्धी सायकल मोजली जाते. काकांनी रोज जवळजवळ एक अख्खी खर्च केली होती, तीही बॅटरीच्या भल्यासाठी.

मग बंद करून उलटा केला. दहा स्क्रू, मागचे दोन लांब. ते कागदावर लॅपटॉपचा आकार काढून जागच्या जागी खोचून ठेवायचे, कारण लांब स्क्रू पुढे लावला तर तो वर तळहाताच्या पट्टीतून डोकं काढतो. झाकण मात्र उघडावं लागलंच नाही. शेवटचा स्क्रू निघताच ते टक् करून स्वतःच उचललं गेलं.

आत तीन सेल, उशांसारखे. चंदेरी आवरण ताणून गुळगुळीत झालेलं. जाडी मोजायला व्हर्नियर लावला: कडेला ६ मिमी, मधल्या सेलच्या पोटाशी १३. काका वाकून बघत होते. "भाचा म्हणालाच होता, गॅस धरतो. पुरीसारखं. टोचलं की बसेल," आणि बोलता बोलता हातातल्या बॉलपेनचं टोक मधल्या सेलवर आणलं. मी मनगटच धरलं. ग्राहकाचा हात असा धरायची वेळ सहसा येत नाही.

त्या उशीत हवा नसते. ज्वालाग्राही द्रावक विघटित होऊन झालेला वायू असतो, आणि त्याखाली धन-ऋण थरांची घट्ट गुंडाळी. दोन थरांमध्ये जो प्लॅस्टिकचा पडदा असतो तो साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाव जाडीचा. पेनाचं टोक त्यातून गेलं की थर एकमेकांना भिडतात, सेल आतल्या आत शॉर्ट होतो, त्या उष्णतेने शेजारचा थर पेटतो, मग शेजारचा सेल. धूरही विषारी. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत असेल तर आवरण कुठेतरी आधीच फाटलंय असं समजून खोली मोकळी करायची.

प्लॅस्टिकच्या पट्टीने आधी बोर्डावरचा कनेक्टर काढला, मग चार स्क्रू. ही बॅटरी चिकटवलेली नव्हती. फोनची असते, तेव्हा कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून थांबावं लागतं. फुगलेलीला हीट गन नाही आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकणं तर मुळीच नाही. कनेक्टरवर कॅप्टॉन टेप, म्हणजे वीज अडवणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी, लावून बॅटरी कोरड्या वाळूच्या बादलीत, बादली दाराबाहेर. तिथून ती ई-कचऱ्यात जाते. घरी येणाऱ्या कचरावाल्या ताईंच्या बादलीत अशी बॅटरी टाकू नये. पुढे कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टर गाडीत ती चिरडली तर गाडी पेटू शकते.

पण नुसत्या सायकलींनी एवढी फुगत नाही. "चार्जिंगला कुठे ठेवता?"

"खिडकीपाशी, टेबलावर. खाली शाल घालतो चौपदरी, ओरखडे नकोत म्हणून."

पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन, खालच्या जाळ्या शालीने बंद. पुण्यात एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४० च्या आसपास असतं, त्यात चार्जिंगची स्वतःची ऊब. पूर्ण भरलेला सेल आणि उष्णता एकत्र आली की आतलं द्रावक भराभर बिघडतं. डायरीत सगळं होतं, तापमानाचा रकाना तेवढा नव्हता.

"म्हणजे चार्जर काढायची घाई फुकट?" जवळजवळ. सेल ठरलेल्या व्होल्टेजला पोचला की करंट आपोआप कमी होत जातो, मग चार्जिंग थांबतं आणि लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो. ओव्हरचार्ज होत नाही. दिवसरात्र १०० वर बसून राहणं मात्र मानवत नाही. त्यासाठी बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांच्या आसपासची मर्यादा असते, ती लावली. फोनचं उत्तरही तेच: रात्रभर लावा, पण उशीखाली नको. ६५ वॉटचा चार्जर लहान फोनला जाळत नाही, फोन मागेल तेवढंच तो देतो. फक्त चार्जरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. माझ्या मते सगळ्यांत वाईट हाल दुचाकीच्या हँडलला लावलेल्या फोनचे: ऊन, मॅप, पूर्ण ब्राइटनेस आणि वर चार्जिंग.

नवी बॅटरी लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवत नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकार निघतात, म्हणून जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज, इथे ११.४, जुळवायचं. ती अर्धवट भरलेलीच आली. आठ तास वगैरे काही नाही, लावली आणि चालू. शून्याला न्यायची गरज एकाच कारणासाठी पडू शकते: २० टक्के दाखवत असताना लॅपटॉप पटकन बंद पडू लागला तर. तेव्हा एकदा पूर्ण भरून उतरवायची, म्हणजे टक्के मोजणारी चिप पुन्हा जागेवर येते. त्याने बॅटरीची ताकद वाढत नाही, नुसता आकडा सुधारतो. आणि महिनाभर गावाला जायचं तर ५० टक्क्यांवर बंद करून सावलीत ठेवायचा. रिकामा पडून राहिला तर सेल इतका खाली जातो की सर्किट त्याला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. बाहेरून करंट देऊन तो 'उठवून' देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

झाकण लावलं. काकांनी टचपॅड दाबला, टिक् झालं. परत दाबला. मग डायरीत नव्या पानावर पाचवा रकाना आखला, 'गरम?', आणि बिल उलटसुलट करून बघितलं.

"टचपॅडचे पैसे यात धरले नाहीत ना?"