चार यत्ता, एक खोली

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात, एका वस्तीवर माझी पहिली नेमणूक झाली. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, खोली एक नि बाई एक. १९८७ साली 'खडू-फळा मोहीम' निघाली, तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या नि दोन शिक्षक द्यायचे ठरलं होतं. आमच्यापर्यंत त्यातला फळा पोचला होता.

यत्तांची वाटणी भिंतींवर. पहिली दाराशी, कारण तिला सारखं बाहेर जायचं असतं. दुसरी खिडकीखाली, तिसरी फळ्यासमोर आणि चौथी पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांना टेकून. एका यत्तेला शिकवायचं नि बाकी तिघींना लिहायला बसवायचं, याला जोडवर्ग म्हणतात. पण कान कुठे एकाच यत्तेला जोडून ठेवता येतात? पहिलीतली एक पोरगी थुंकी लावून पाटी पुसता पुसता, मान वर न करता चौथीची कविता म्हणायची. स्वतःची मुळाक्षरं मात्र 'ठ'पाशी अडलेली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीला उपराजधानी विचारली. चौथी गप्प. दुसरीतून आवाज आला, "नागपूर!" साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'वर्गनियंत्रण हवे.' माझ्या मते त्या खोलीतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच होती, की तिथे नियंत्रण नव्हतं.

पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की कुणाचंच कुणाला ऐकू जायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून पाढे ओरडायचे. बेरीज-वजाबाकी सर ओसरल्यावर.

दिवाळी झाली की खोली मोकळी व्हायची. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असायची. ऊसतोडीला ट्रक भरून माणसं निघायची, भांडीकुंडी, कोंबड्या नि माझी तिसरी-चौथी त्यांत. लहानग्यांना सांभाळायला मोठ्या बहिणी लागायच्या, त्यामुळे आधी मुली जायच्या. मागे राहिलेली एखादी आजी येऊन सांगायची, "पोरीचं नाव काढू नका, बाई. पाडव्याला येतीया." हजेरीपटावर गैरहजेरीच्या रांगा लावत मी नावं तशीच ठेवायचे.

पाडव्याच्या आसपास पोरं परतायची. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, अक्षर विसरलेलं, पण नवीनच हिशेब पक्के. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, हे पहिलीतलं पोरगंही सांगायचं. मोळी किती जड, वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी कितीला जाते, सगळं तोंडपाठ. भागाकार मात्र पुन्हा पहिल्यापासून.

अशाच एका उन्हाळ्यात वजन-मापांची उजळणी चालली होती. मी विचारलं, "एका टनात किलो किती?"

तिसरीतला एक जण उठला. "हजार. पण काट्यावर कमीच भरत्यात, बाई."

चौथीने पोत्यांवरून माना डोलावल्या.